चावी माझ्याच बॅगेत होती

आजचा शास्त्रपाठ: निर्गम 18:13-27
सोबत वाचा: गणना 11:24-30, प्रेषितांची कृत्ये 6:1-7



आजचं मनन लिहायला मी बरेच दिवस टाळत होतो. कारण यात माझीच चूक आहे. पण तुमच्यापैकी कितीतरी जण आपापल्या मंडळीत तरुण संघ चालवता, संडे स्कूल घेता, गाण्यांच्या ग्रुपला सांभाळता, आणि रात्री उशिरा मला मेसेज करता की दादा, खूप थकलोय, सोडून द्यावंसं वाटतं. तुमच्यासाठी म्हणून आज लिहितोय.

मी शीव कोळीवाड्यात राहतो. स्टेशनचं नाव आता जीटीबी नगर आहे, पण घरातली मोठी माणसं अजून "कोळीवाडा स्टेशन"च म्हणतात. आमचा तरुण संघ तेव्हा दर शनिवारी संध्याकाळी साडेसहाला भरायचा. जागा म्हणजे मंडळीतल्या एका कुटुंबाने दिलेली तळमजल्यावरची एक खोली. वीस-बावीस मुलंमुली. कुणी कॉलेजात, कुणी कुरियरच्या नोकरीत, कुणी नर्सिंग शिकतंय. सहा वर्षं हा संघ मी चालवत होतो, आणि "चालवत होतो" हा शब्द मी अगदी शब्दशः वापरतोय. गाण्यांची यादी मी काढायची, ग्रुपवर मेसेज मी टाकायचा, वचन मी सांगायचं, प्रार्थना मी करायची, चहाचे पैसे मी द्यायचे, खुर्च्या मी मांडायच्या. आणि खोलीची चावी माझ्या बॅगेत.

दोन पावसाळ्यांपूर्वीचा एक शनिवार. मी ऑफिसमधून वाशीहून निघालो आणि हार्बरची गाडी मानखुर्दच्या पुढे जाईना. रुळांवर पाणी. सव्वासहाला संघातल्या एका मुलाचा फोन आला, "दादा, आम्ही सगळे जिन्याखाली उभे आहोत. काय करायचं?" मी म्हणालो, "चावी माझ्याकडे आहे रे. आज राहू दे. घरी जा सगळे." त्याने "बरं दादा" म्हटलं आणि फोन ठेवला. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर मला कळलं की त्या संध्याकाळी जिन्याखाली एक मावशीही आल्या होत्या. प्रतीक्षानगरहून, गुडघाभर पाण्यातून. सोमवारी त्यांच्या मुलाचं ऑपरेशन होतं. त्यांना फक्त प्रार्थना करून हवी होती. मुलांनी त्यांना सांगितलं, "दादा आज येणार नाहीत, मावशी." आणि मावशी परत गेल्या.

मित्रांनो, तिथे अठरा तरुण उभे होते. सगळ्यांचे बाप्तिस्मे झालेले, सगळे प्रभुभोजन घेणारे. प्रार्थनेला चावी लागत नाही. जिन्याखाली उभं राहून, त्या बाईचा हात धरून, दोन मिनिटं कुणीही प्रार्थना करू शकलं असतं. पण एकालाही ते सुचलं नाही. त्या मुलांचं मन वाईट नव्हतं. सहा वर्षं मी त्यांना न बोलता हेच शिकवलं होतं की प्रार्थना म्हणजे दादाचं काम.

रविवारी संध्याकाळी मी पाळकसाहेबांकडे गेलो. खूप बोललो. ते ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "घरी जा, आणि मोशेचा सासरा वाच."

सासऱ्याने काय पाहिलं?

निर्गमचा अठरावा अध्याय आपण बहुतेक घाईत वाचतो. सतराव्यात अमालेकाशी लढाई आहे, एकोणिसाव्यात सीनाय पर्वत आहे. मध्ये हा घरगुती प्रसंग. इथ्रो आपल्या मुलीला आणि नातवंडांना घेऊन जावयाला भेटायला येतो. दुसऱ्या दिवशी बघतो तर जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसलाय, आणि लोक त्याच्याभोवती दिवसभर ताटकळत उभे आहेत.

इथ्रो आधी प्रश्न विचारतो: हे काय चाललंय, आणि तू एकटाच का बसलायस? मोशेचं उत्तर अगदी आपल्यासारखं आहे. लोक माझ्याकडे येतात ना, म्हणून. देवाची इच्छा विचारायला माझ्याकडे येतात. (कितीदा मी हेच म्हटलंय! "काय करणार, सगळे मलाच फोन करतात.")

मग सतराव्या वचनात इथ्रो स्पष्ट सांगतो की तू करतोयस ते बरं नाही. इथे थांबा. मोशे पाप करत नव्हता. आळशी नव्हता, लाच खात नव्हता. तो सेवाच करत होता, तीही प्रामाणिकपणे. तरी ते "बरं नाही". सेवा प्रामाणिक असूनही तिची पद्धत चुकीची असू शकते, हे मला या वचनाने पहिल्यांदा शिकवलं.

अठराव्या वचनात कारण येतं, आणि माझं लक्ष आजवर त्याच्या अर्ध्या भागाकडेच गेलं होतं. इथ्रो म्हणतो, तू थकून जाशील. हे आपल्याला आवडतं, कारण यात आपली कीव आहे. पण तो पुढे म्हणतो की तुझ्याबरोबरचे हे लोकही थकून जातील. एकट्याने सगळं करणारा पुढारी स्वतः तर झिजतोच, आणि जे रांगेत उभे असतात त्यांनाही झिजवतो. आणि तेविसाव्या वचनात इथ्रो सांगतो की हे ऐकलंस तर तुझा निभाव लागेल, आणि हे सगळे लोक शांतीने आपापल्या ठिकाणी जातील.

शांतीने घरी जातील. मी त्या मावशींचा विचार केला. त्या पावसात घरी गेल्या, पण शांतीने गेल्या नाहीत.

शीव म्हणजे हद्द

आमच्या भागाच्या नावातच एक धडा आहे. शीव म्हणजे सीमा. एकेकाळी मुंबई बेटाची हद्द इथे संपायची आणि पलीकडे साष्टी सुरू व्हायची. शीवच्या टेकडीवरचा किल्ला इंग्रजांनी सतराव्या शतकात बांधला तो याच हद्दीवर लक्ष ठेवायला, कारण साष्टी तेव्हा पोर्तुगिजांकडे होती. आता तिथे संध्याकाळी लोक फिरायला जातात. मीही जातो. त्या आठवड्यात तिथल्या पायऱ्यांवर बसून मी वहीत एक यादी केली: मी संघात कोणकोणती कामं करतो? सतरा निघाली. मग प्रत्येकापुढे लिहिलं, हे माझ्याच शिवेत येतं का?

इथ्रोने मोशेची शीव आखून दिली होती. एकोणिसावं, विसावं आणि बाविसावं वचन नीट वाचलं तर मोशेकडे तीन कामं राहतात. लोकांसाठी देवासमोर उभं राहायचं. लोकांना देवाचे नियम आणि चालायचा मार्ग शिकवायचा. आणि जे प्रकरण खरोखर कठीण असेल तेवढंच हाती घ्यायचं. म्हणजे मध्यस्थीची प्रार्थना, शिक्षण आणि अवघड प्रश्न. बाकी सगळं दुसऱ्यांचं.

माझ्या सतरांपैकी माझ्या शिवेत तीन उरली. आणि गंमत बघा, नेमकी तीच तीन कामं मी धड करत नव्हतो. मुलांची नावं घेऊन मी एकांतात शेवटची प्रार्थना कधी केली होती, ते मला आठवेना. शनिवारचं वचन मी शनिवारी दुपारी लोकलमध्ये तयार करायचो. खुर्च्या मात्र रोज सरळ रांगेत.

आपल्याच मराठी मंडळीतल्या दोन गोष्टी

हे वाचत असताना मला आपल्याच दोन माणसांची आठवण झाली. दोघांबद्दल मला मनापासून आदर आहे.

पहिले रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1893 साली रेल्वेच्या प्रवासात एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अनेक वर्षं सेवा केली, "ज्ञानोदय"च्या मराठी विभागाचं संपादन केलं. त्यांची भजनं आपण आजही दर रविवारी गातो. 1917 साली त्यांनी मिशनचा पगार आणि पद सोडलं, आणि साताऱ्याला "देवाचा दरबार" सुरू केला. कल्पना केवढी मोठी होती! बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही येशूचे शिष्य म्हणून एका बंधुत्वात यायचं, तेही आपल्या देशाच्या पद्धतीने. पण 9 मे 1919 रोजी टिळक प्रभूकडे गेले. दोन वर्षांच्या आसपासच वेळ मिळाला. त्यांच्यामागे दरबार फार टिकला नाही.

पण त्याच टिळकांचं दुसरं एक काम टिकलं. लग्न झालं तेव्हा लक्ष्मीबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. टिळकांनी त्यांना अक्षरं शिकवली. टिळकांचं "ख्रिस्तायन" हे महाकाव्य अपुरं राहिलं, तेव्हा लेखणी उचलली ती लक्ष्मीबाईंनी, आणि त्या ग्रंथाचा फार मोठा भाग त्यांच्या हातचा आहे. "स्मृतिचित्रे" तर सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं. मी यातून जे शिकलो ते सांगतो, ही माझी समजूत आहे: जे टिळकांच्या एकट्याच्या जिवावर उभं होतं ते त्यांच्याबरोबर थांबलं. जे त्यांनी दुसऱ्याच्या हातात दिलं होतं, ते पुढे चालत राहिलं.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. 1896-97च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणि विधवा आणल्या, आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. एवढ्या मुलींना रमाबाईंनी नुसतं सांभाळलं असतं तरी ते मोठंच काम होतं. पण त्यांनी मुलींना शेती शिकवली, विणकाम शिकवलं, आजाऱ्यांची सेवा शिकवली, छापखाना चालवायला शिकवलं. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या, आणि ते छापायचं काम मुक्तीतल्याच मुली आणि बायका करत होत्या. ज्यांना दुष्काळातून उचलून आणलं, त्यांच्याच हातांनी देवाचं वचन छापलं गेलं!

रमाबाईंच्या मनात आपल्यामागे मुलगी मनोरमा काम बघेल असं होतं. पण मनोरमाबाई 1921 साली गेल्या. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईही गेल्या. एका वर्षाच्या आत आई आणि लेक दोघी नाहीत. तिथे काम बंद पडायला हवं होतं. मुक्ती मिशन आजही केडगावला सुरू आहे.

यातून टिळक छोटे आणि रमाबाई मोठ्या असं मला म्हणायचं नाही. टिळकांना वेळच मिळाला नाही. पण आपल्याला किती वेळ मिळणार आहे हे तरी कुणाला ठाऊक? म्हणून दुसऱ्याच्या हातात काम देणं "पुढच्या वर्षी बघू" म्हणून ठेवायची गोष्ट नव्हे.

आम्ही काय काय केलं

आता थोडं व्यवहाराचं बोलू. तुमच्या संघात जसंच्या तसं जमेलच असं नाही, पण यातून काहीतरी हाती लागेल.

1. आधी शिकवा, मग नेमा. विसावं वचन आधी आहे, एकविसावं नंतर. इथ्रो आधी शिकवायला सांगतो आणि मग माणसं निवडायला. मी उलटं केलं होतं. एका शनिवारी अचानक एका मुलीला म्हणालो, "आज तू वचन सांग." ती रडायला लागली. आता आमचा क्रम असा आहे: आधी मी करतो, तू बघ. मग आपण दोघं मिळून करू. मग तू कर, मी शेजारी बसतो. मग तू कर, मी घरी चहा पितो.

2. माणूस बघून काम द्या. एकविसाव्या वचनात चार गुण सांगितलेत: कर्तबगार, देवाचं भय बाळगणारा, सत्याने वागणारा, आणि लाचलुचपतीचा तिटकारा असणारा. आवाज चांगला, इंग्रजी चांगलं, गाडी आहे, असं काहीही त्या यादीत नाही. आमच्यात एक मुलगा आहे, बारावीत दोनदा नापास झालेला. तो कधी पुढे बसायचा नाही. पण सहा वर्षांत तो एकदाही खोटं बोललेला मला आठवत नाही. आज नव्या मुलांची जबाबदारी त्याच्याकडे आहे. मुलं त्याला जे सांगतात ते मला कधी सांगत नाहीत.

3. दहांचा नायक नेमा. इथ्रो हजारांचे, शंभरांचे, पन्नासांचे आणि दहांचे नायक नेमायला सांगतो. आपल्याला हजारांचा नायक व्हायचं असतं. पण आजारी कोण, कुणाच्या घरी भांडण चाललंय, कुणाची नोकरी गेली, हे दहांच्या नायकालाच कळतं. आम्ही बावीस जणांचे चार गट केले. प्रत्येक गटाच्या नायकाने आठवड्यातून एकदा आपल्या पाच-सहा जणांना फोन करायचा. एवढंच.

4. पैशाला दोन माणसं. इथे आम्ही ठेच खाल्ली. सहलीची वर्गणी मी एकाच मुलाकडे दिली आणि निर्धास्त झालो. शेवटी 1,800 रुपये कमी पडले. त्याने ते घरच्या अडचणीत वापरले होते, परत ठेवणार होता, जमलं नाही. मला राग आला. मग पाळकसाहेबांनी विचारलं, "तू त्याला हिशोबाची वही दिली होतीस का? सोबत कुणी दिलं होतंस का?" नव्हतं दिलं. जबाबदारी देऊन पाठ फिरवणं म्हणजे विश्वास टाकणं नव्हे, ते त्या मुलाला मोहात ढकलणं आहे. आता दोघं मिळून पैसे मोजतात, दोघं सह्या करतात. तो मुलगा त्या दोघांपैकी एक आहे. पैसे त्याने तीन महिन्यांत फेडले.

5. तक्रार ज्याची, कारभार त्याच्याकडे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होतंय अशी तक्रार आली. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्या गटाची तक्रार होती, त्यांच्याच माणसांवर मंडळीने विश्वास टाकला. आमच्यात मुली म्हणायच्या की साडेसहाची वेळ आम्हाला गैरसोयीची आहे, परतायला उशीर होतो. मी वर्षभर ऐकलं नाही. शेवटी वेळ ठरवायचं काम त्यांनाच दिलं. आता संघ साडेपाचला भरतो, आणि मुलींची संख्या वाढलीये.

आणि हो, पहिलं काम मी केलं ते स्टेशनबाहेरच्या चावीवाल्याकडे गेलो. तीन चाव्या करून घेतल्या.

पण खरी अडचण चावीची नव्हती

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, चला, दादाने कामं वाटून दिली, सगळं छान झालं. तसं झालं नाही, आणि माझ्यासाठी आजच्या मननाचा गाभा इथेच आहे.

सहा-सात महिन्यांनी एका शनिवारी मी मुद्दाम मागच्या बाकावर बसलो. गाणी त्यांनी घेतली. जी मुलगी रडली होती तिनेच वचन सांगितलं, रूथच्या पुस्तकातून. तिच्या बोलण्यात एक ठिकाणी चूकही होती. पण शेवटी तिने आपल्या आजीबद्दल दोन वाक्यं बोलली आणि खोलीत सगळे शांत झाले. एका नव्या मुलाने डोळे पुसले. सभा संपल्यावर सगळे तिच्याभोवती जमले. माझ्याकडे कुणीच आलं नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "रूथच्या दुसऱ्या अध्यायाचा अर्थ तिने चुकीचा सांगितला." बायकोने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुला वाईट कशाचं वाटतंय? अर्थाचं की टाळ्यांचं?"

रात्री मी गणना 11 उघडलं. देव मोशेवरचा आत्मा सत्तर वडिलांवर ठेवतो. एलदाद आणि मेदाद हे दोघं तर मंडपाकडे आलेच नव्हते, छावणीतच राहिले होते. तरी ते संदेश सांगू लागले. एक तरुण धावत येऊन मोशेला हे सांगतो, आणि यहोशवा म्हणतो, स्वामी, त्यांना थांबवा! यहोशवाला वाटतं तो मोशेची बाजू घेतोय. मोशे त्यालाच विचारतो की माझ्यासाठी तुला का हेवा वाटतो? आणि मग म्हणतो की परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे झाले असते तर किती बरं झालं असतं.

हाच मोशे निर्गम 18 मध्ये दिवसभर एकटा बसला होता. तिथून इथपर्यंत तो आलाय. मला वाटतं, देवाने त्याला मदतनीस दिले तेव्हा लोकांचं काम तर झालंच, पण त्याबरोबर देव मोशेच्या आतही काहीतरी घडवत होता. आपल्याशिवायही देवाचं काम चालतं हे स्वीकारणं सोपं नाही. माझ्यासाठी तो उपवासापेक्षा कठीण उपवास होता. मी इतकी वर्षं थकत होतो, कारण मला थकायला आवडत होतं. "दादाशिवाय पान हलत नाही" हे ऐकायला गोड वाटायचं. तो गोडवा सोडायला मला खूप वेळ लागला. अजूनही पूर्ण सुटलाय असं नाही.

त्या रात्री मी यादीतलं पहिलं काम केलं, जे सहा वर्षं राहून गेलं होतं. एकेका मुलाचं नाव घेऊन प्रार्थना केली. त्या मुलीचंही नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी तिला फोन करून म्हणालो, "छान बोललीस. रूथच्या दुसऱ्या अध्यायात एक गोष्ट आहे, आपण बसून वाचूया." ती आनंदाने हो म्हणाली.

मावशी काय म्हणाल्या

त्या मावशींकडे मी त्याच आठवड्यात, ऑपरेशनच्या नंतर गेलो होतो. मुलगा बरा होता, प्रभूची दया. मी माफी मागितली, म्हणालो, "मावशी, त्या दिवशी मी नव्हतो." त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "अरे बाळा, तू नव्हतास त्याचं मला काही वाटलं नाही. गाड्या बंद होत्या, तू काय करणार? पण एवढी पोरं होती. एकानं जरी माझा हात धरला असता ना, तर मला रात्री झोप लागली असती."

हे वाक्य मी बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलंय.

गेल्या जूनमध्ये मी आठ दिवस गावी होतो. परत आल्यावर कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं की मधल्या शनिवारी एक अनोळखी आजोबा खोलीत आले होते. त्यांची पत्नी नुकतीच गेली होती. मुलांनी त्यांना बसवलं, चहा दिला, त्यांच्याभोवती बसून प्रार्थना केली, आणि दोघं जण त्यांना घरापर्यंत सोडून आले. मला कुणी फोन केला नव्हता. कुणाला मला कळवायचं सुचलंच नव्हतं.

खोटं कशाला बोलू, एक क्षण मन खट्टू झालं. मग मी रस्त्यातच उभा राहून हसलो आणि म्हणालो, "प्रभू, धन्यवाद."

आजच्या दिवसासाठी

वही घ्या आणि या तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. मनातल्या मनात देऊ नका, लिहा.

1. सेवेतली कोणती "चावी" फक्त माझ्याकडे आहे? ती या आठवड्यात मी कुणाला देऊ शकतो?
2. मी ज्यांचं नेतृत्व करतो, त्यांची नावं घेऊन मी शेवटची प्रार्थना कधी केली?
3. माझ्याशिवाय एखादं काम चांगलं झालं, तेव्हा मला खरोखर काय वाटलं?

तुमच्या आयुष्यात एखादा इथ्रो असेल, म्हणजे आई, सासरे, पाळक, बायको किंवा जुना मित्र, तर आज त्याला विचारा की मी करतोय ते बरं चाललंय का? आणि त्याने सांगितलं तर ऐका. चोविसाव्या वचनात लिहिलंय की मोशेने सासऱ्याचं ऐकलं. मोशेसारखा माणूस जावई म्हणून ऐकतो, तर आपण कोण?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू शिष्यांचे पाय धुतलेस आणि मग आपलं काम त्यांच्याच हातात दिलंस. पेत्र कसा आहे हे ठाऊक असूनही दिलंस. मला तुझ्यासारखा विश्वास टाकायला शिकव. मी घट्ट धरून ठेवलेली प्रत्येक चावी माझ्या हातातून सोडव. ज्यांना तू माझ्याबरोबर ठेवलंस त्यांच्यावर तुझा आत्मा ओत, आणि ते माझ्यापुढे गेले तर मला आनंद करायला शिकव. तुझ्या दारी आलेलं कुणीही माझ्यामुळे रिकाम्या हाताने परत जाऊ नये. येशूच्या नावाने मागतो, आमेन.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वादित करो. उद्या पुन्हा भेटू, त्याच्याच वचनात.